दोन मोहिमांच्या मधली छावणी आणि ८७ हजार किलोमीटरची बाईक

आजचा एपिसोड मी आमच्या पडवीत बसून रेकॉर्ड केलाय. गणेशपुरी, तालुका भिवंडी. मागे पावसाचा आवाज येतोय तो एडिट करून काढलेला नाही, कारण आजचा विषयच पावसाळ्याचा आहे. समोर माझी हिमालयन मेन स्टँडवर उभी आहे. पुढचं चाक काढलंय, सीट काढलीय, चेन रॉकेलच्या डब्यात आहे. ओडोमीटरवर ८७ हजारांच्या वर आकडा आहे.

इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये बाईकचा मेंटेनन्स कुठून आला, असं वाटेल. येतो तिथेच. पण आधी एक कबुली.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी स्पितीला जाऊन आलो. काझा, कुंझुम, सगळं केलं. परत आलो, गाडी शेडमध्ये लावली, फोटो टाकले आणि चावी खिळ्याला अडकवली. नंतर ऑफिसचं रिलीज, मग दिवाळी. डिसेंबरमध्ये ताईला सुट्टी मिळाली तेव्हा ती म्हणाली, "मला लोणार आणि अजिंठा दाखव." मी चेनला तेल मारलं, हवा भरली आणि निघालो. जाताना काहीच झालं नाही. येताना नगर, आळेफाटा करून माळशेज घाट उतरत होतो. मागे ताई, दोन्ही बाजूंना बॅगा. अर्धा घाट उतरल्यावर पुढच्या ब्रेकची लिव्हर एकदम मऊ झाली आणि थेट हँडलला टेकली. ब्रेक नाही.

दुसऱ्या गिअरवर आणली, लिव्हर पंप करत राहिलो, मागच्या ब्रेकवर आणि इंजिनच्या जोरावर कडेला थांबवली. कुणालाही काही झालं नाही. वीस मिनिटांनी डिस्क गार झाली आणि ब्रेक परत आला, जणू काही घडलंच नव्हतं. ताई खाली उतरून कठड्यावर बसली होती. तिने एकच विचारलं, "हे तुला आधी कळलं नसतं का?"

कळलं असतं, शंभर टक्के. म्हणून हा एपिसोड.

चार महिने आत, आठ महिने बाहेर

आपण शाळेत मोहिमा शिकतो. कुठला किल्ला कधी घेतला, कुठली लढाई कोणी जिंकली. दोन मोहिमांच्या मधल्या काळात काय चाललं होतं, हे कुठल्याही पेपरात विचारत नाहीत. पण शिवकालाची साधनं वाचली तर लक्षात येतं की राज्यकर्त्यांचं अर्धं लक्ष त्या मधल्या काळावर होतं.

कृष्णाजी अनंत सभासद यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजीला बसून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. तिच्यात लष्कराची शिस्त सांगितली आहे. पावसाळ्यात लष्कराने छावणीसाठी स्वदेशी परत यायचं. ते येण्याआधीच तिथे दाणा, औषधं, माणसांना आणि घोड्यांना राहायला गवताने शाकारलेली घरं तयार असायची. दसरा झाला की कूच. मग आठ महिने बाहेर, परमुलखात.

म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश भाग फक्त पुढच्या आठ महिन्यांसाठी. आणि "आल्यावर बघू" असं नाही. फौज घरी यायच्या आधीच तिच्या विश्रांतीची सोय झालेली. मी स्पितीहून आलो तेव्हा घरात साधा चेन क्लीनरचा डबा नव्हता.

अजून एक भाग मला फार आवडतो. फौज निघताना लहानथोर प्रत्येकाकडे काय काय आहे याची यादी व्हायची. परत आल्यावर ती यादी पुन्हा ताडून बघायची. याचा मुख्य उद्देश लुटीचा हिशेब हा होता, गैरसमज नको. पण पद्धत बघा. जाताना काय होतं ते लिहा, आल्यावर काय आहे ते लिहा आणि फरक बघा. आम्ही ऑफिसमध्ये दिवसभर दुसरं काय करतो? दोन व्हर्जनमधला फरक बघतो. फक्त गाडीच्या बाबतीत मी ते कधी केलं नव्हतं.

पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

आता घोड्यांकडे येऊ. स्वार दोन प्रकारचे. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. थोडक्यात, एकाला कंपनीची गाडी, दुसऱ्याची स्वतःची.

सभासदाने पागेची रचना दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि तसंच वर हजारीपर्यंत. याच रचनेत तो सांगतो की प्रत्येक २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पखालजी म्हणजे कातड्याच्या पखालीतून पाणी पुरवणारा. नालबंद म्हणजे घोड्याला नाल ठोकणारा.

इथे जरा थांबा. तलवार चालवणारे २५, त्यांच्यामागे एक पाणी देणारा आणि एक खूर बघणारा. हे लोक युद्धाच्या चित्रात कधी दिसत नाहीत. पण रचनेत त्यांची जागा पक्की आहे, कुणी आठवण झाली म्हणून बोलावलेले नाहीत. घोड्याचं खूर सतत वाढतं आणि नाल सतत झिजते. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर कापून, पुन्हा ठोकावी लागते. घोडा लंगडायला लागल्यावर नालबंद शोधत बसलात तर उशीर झालेला असतो. नालबंद हे आडनाव आजही आपल्याकडे आहे. पुढच्या वेळी भेटले तर नीट नमस्कार करा.

चिपळूणचं पत्र

आता आजच्या एपिसोडचा गाभा. १६७० च्या दशकातलं शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे. चिपळूण भागात छावणी पडली होती, तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं. हे पत्र बऱ्याच जणांना एका वाक्यापुरतं माहीत असतं, शेतकऱ्याच्या गवताच्या काडीलाही हात लावू नका वगैरे. पण पूर्ण वाचलं तर ते खरं म्हणजे पावसाळ्यातल्या देखभालीचं पत्र आहे.

त्याचा आशय असा. पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत साठवून दिलंय. ते आत्ताच वाटेल तसं उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरायला लागतील. आणि तेव्हा ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग काय होईल, तर शिपाई गावात शिरतील. कोणी कुणब्याचा दाणा आणेल, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजी. मग ते बिचारे कुणबी घर सोडून जातील, आणि म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे होते.

त्यानंतर पत्र अजून बारीक तपशिलात जातं. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवेल, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, आणि गवताला आग लागली की सगळी घोडी गेली.

उंदीर आणि वात! राज्याभिषेकाच्या आसपासचा काळ, सगळीकडे शत्रू, आणि राजा उंदराचा विचार करतोय. आमच्या भाषेत याला फेल्युअर मोड म्हणतात, म्हणजे एखादी गोष्ट कुठल्या कुठल्या वाटेने बिघडू शकते ते आधीच लिहून काढणं.

पण मला त्यातली कारणांची साखळी जास्त महत्त्वाची वाटते. दाणा उधळला हवालदाराने. उपाशी मेलं घोडं. आणि किंमत दिली कुणब्याने, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. देखभालीत केलेली हयगय ज्याने केली त्याच्यावरच शेकेल असं नसतं. माळशेजमध्ये हयगय माझी होती आणि कठड्यावर थरथरत बसली होती ताई.

छावणी मिळाली नाही तर

आता याची उलटी बाजू. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊंची फौज पटदूरहून उत्तरेकडे निघाली. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतला. म्हणजे तो पावसाळा घरच्या छावणीत गेलाच नाही, परमुलखात गेला. नोव्हेंबरपासून पानिपतावर अडीच महिने तळ पडला. रसद तुटली. रसदेचा मोठा आधार असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला फौज रणात उतरली तेव्हा माणसं उपाशी होती आणि घोडी दाण्यावाचून खंगलेली होती.

पानिपत घोड्यांमुळे हरलो असं मी म्हणत नाहीये, कमेंटमध्ये मारामारी करू नका. कारणं बरीच आहेत. पण दहा महिने सलग चाललेलं, मध्ये घरची छावणी न मिळालेलं जनावर शेवटच्या दिवशी तेवढंच धावणार, जेवढं त्याच्यात उरलंय. यात मतभेदाचं काही कारण नाही.

आणि आमच्या घराजवळचंच उदाहरण. इथून दोनेक किलोमीटरवर वज्रेश्वरीचं देऊळ आहे. बाहेरून बघितलं तर किल्लाच वाटतो, तशी तटबंदी आहे. वसई जिंकली तर तुझं देऊळ बांधीन असा नवस चिमाजी अप्पांनी बोलला होता, असं इथे लहानपणापासून ऐकतो. ती मोहीम १७३७ च्या मार्चमध्ये ठाण्यापासून सुरू झाली आणि वसई पडली मे १७३९ मध्ये. मध्ये दोन अख्खे पावसाळे गेले. आपण नवसाची गोष्ट सांगतो, जिंकल्याची सांगतो. त्या दोन पावसाळ्यांत, या कोकणातल्या चिखलात, फौज टिकवून ठेवली कशी, ती गोष्ट कुणी सांगत नाही.

भरा, बंद करा, विसरून जा

घोड्यावरून मोटारसायकलवर येऊ. स्वतंत्र भारतात बुलेट आली ती लष्करासाठी. सीमेवर गस्त घालायला दणकट गाडी हवी होती. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यातून १९६१ पासून जावा निघायला लागली, पुढे तीच येझदी झाली. या गाड्या पळवायच्या तर त्यांच्यात हात घालावाच लागायचा. पॉइंटचं अंतर बघा, टॅपेट सेट करा, टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये मोजून ऑइल घाला, ठरावीक काळाने हेड उघडून कार्बन खरवडा. चेन काढून रॉकेलमध्ये धुवायची, मग वितळवलेल्या ग्रीसमध्ये बुडवून टांगून ठेवायची.

आमचे काका येझदी चालवायचे. त्यांच्या पिढीचा प्रत्येक मोटारसायकलवाला थोडाफार नालबंद होता. हौस म्हणून नाही, नाइलाज म्हणून.

मग १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. तिची जाहिरात तुमच्या आईबाबांना आजही पाठ असेल. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. आणि गाडी खरंच तशी होती. फोर-स्ट्रोक, कमी पेट्रोल, कमी कटकट. लाखो लोकांचं आयुष्य तिने सोपं केलं. मी तिला नावं ठेवणार नाही, माझे बाबा त्याच गाडीवर भिवंडीला कामाला जायचे.

पण त्या तीन शब्दांतल्या शेवटच्या शब्दाने आपल्याला एक सवय लावली. गाडी म्हणजे विसरायची वस्तू. माझी पिढी त्याच सवयीत वाढली आणि मग २०१६ मध्ये हिमालयन आली. ४११ सीसी, पुढे २१ इंचाचं स्पोकचं चाक, १५ लिटरची टाकी. आम्ही आयटीवाल्यांनी ती घेतली आणि बुलेटच्या काळातले रस्ते सीडी १०० च्या डोक्याने चालवायला लागलो. म्हणजे प्रवास शिलेदाराचा, वृत्ती बारगिराची. घोडा माझा, पण त्याचं बघायचं कोणी, तर सर्व्हिस सेंटरने.

माळशेजमध्ये नेमकं काय झालं

घरी आल्यावर इथल्याच एका मेकॅनिक काकांकडे गाडी नेली. ते आधी भिवंडीत यंत्रमागाची दुरुस्ती करायचे. त्यांनी चाक हवेत फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात थांबलं. म्हणाले, "हे मोकळं फिरायला पाहिजे ना? हा ब्रेक तू सोडल्यावरही धरूनच बसलाय."

कॅलिपर उघडला. आत स्पितीची माती. बारीक, राखाडी, पिस्टनच्या कडेला सिमेंटसारखी बसलेली. त्यामुळे ब्रेक सोडला तरी पॅड पूर्ण मागे जात नव्हते, डिस्कला घासत होते. घासणं म्हणजे उष्णता. त्यात मी घाटात वरच्या गिअरवर ब्रेक धरून उतरलो, मागे ताई आणि सामान.

आता दुसरा भाग. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं फ्लुइड नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालली असो वा नसो. माझं तीन वर्षांचं होतं, आणि तेही कोकणच्या हवेत. ते कॅलिपरमध्ये उकळलं आणि त्याची वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर हँडलला टेकली. डिस्क गार झाली, वाफेचं परत द्रव झालं, ब्रेक परत आला.

म्हणजे ब्रेक फेल झाला डिसेंबरात माळशेजमध्ये, पण बिघडला ऑगस्टमध्ये, आमच्या शेडमध्ये. ज्या दिवशी मी चावी खिळ्याला अडकवली त्या दिवशी. यात दोष गाडीचा नव्हता.

आमची छावणी

तेव्हापासून पद्धत बदलली. लांबचा प्रवास संपला की गाडी छावणीत जाते. मी काय करतो ते सांगतो. तुमच्या गाडीचे आकडे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या.

पहिलं, आल्या दिवशीच वही लिहितो. अंघोळीच्या आधी. कुठला आवाज येत होता, कुठल्या वेगाला हँडल थरथरत होतं, ऑइल किती वेळा टाकलं. दोन दिवसांनी हे आठवत नाही, फक्त डोंगर आठवतात.

दुसरं, धुणं. पण प्रेशरचा फवारा बेअरिंगवर, चेनवर आणि वायरिंगवर मारत नाही, पाणी आत घुसतं. माती भिजवून हाताने काढायची. धुणं ही खरी तपासणी असते. हात जिथे जातो तिथेच तडा, सुटलेला बोल्ट, गळती सापडते. माझ्या कॅरिअरच्या जोडावरची चीर फडक्याला अडकली म्हणून कळली.

तिसरं, जे फिरतं ते सगळं. मेन स्टँडवर चाक वर-खाली धरून हलवायचं, खडखड आली तर बेअरिंग बघायचं. हँडल हळू फिरवताना मध्यावर अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. स्पोक पान्याने हलके वाजवायचे. घट्ट असेल तो टणटणीत वाजतो, सैल असेल तो बद्द. हे काकांनी शिकवलं, ते मागाचाही बिघाड कानानेच ओळखायचे.

चौथं, ब्रेक. कॅलिपर साफ, पॅडची जाडी, फ्लुइड बदलल्याची तारीख थेट डबीवर स्टिकर लावून. ब्रेकवर आधी कधी काम केलं नसेल तर हे जाणकाराकडूनच करून घ्या, फक्त समोर उभे राहा.

पाचवं, इंजिन. ऑइल, फिल्टर, एअर फिल्टर, टॅपेट. जुनं ऑइल फडक्यावर ओतून बघायचं, धातूचा चकचकीत कीस दिसला तर पुढची ट्रिप रद्द.

आणि शेवटचं, पावसाळ्यासाठी टाकी पूर्ण भरून ठेवायची, रिकाम्या टाकीत ओलावा धरतो. बॅटरी चार्जरवर. इथे कुंडाच्या गरम पाण्यात गंधक, हवेत दमटपणा, लोखंड उघडं ठेवलं तर आठ दिवसांत तांबूस होतं. आणि हो, सीटखाली बघायचं. यंदा जूनमध्ये एअर फिल्टरच्या खोक्याशेजारी कापूस आणि कागदाचं छान घर सापडलं. एक वायर अर्धी कुरतडलेली.

उंदीर. चिपळूणचं पत्र आठवलं आणि पडवीत एकटाच हसलो.

या सगळ्याला मला चार रविवार लागतात. पैसे तसे फार नाहीत. लागतो तो धीर, कारण या कामाचा फोटो निघत नाही. व्यवस्थित झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याची रील कोण बघणार?

मागच्या रविवारी ताई आली होती. मी कॅलिपर साफ करत होतो. ती बाजूला स्टूल घेऊन बसली आणि वही वाचायला लागली. मग म्हणाली, "दसऱ्यानंतर कुठे जाणार आहेस?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही, गाडी काय म्हणते बघू. तिने वहीत ब्रेक फ्लुइडच्या ओळीवर बोट ठेवलं, तारीख वाचली, आणि म्हणाली, "मग माझी सुट्टी टाकून ठेवते."

पाऊस वाढलाय, चेन रॉकेलमधून काढायची वेळ झाली. तुमच्या शेडमध्ये काय उभं आहे आणि शेवटचं कधी उघडून बघितलंत, मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या, स्वतःची आणि मागे बसणाऱ्याचीही.